काट्याला हात लावू नये

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, पहिल्यांदा डायलिसिसच्या खोलीत नेलं तेव्हा त्यांनी मशीनकडे बघितलं नाही की डॉक्टरांकडे. दाराशी माणसांना उभं करून तोलायचा उंच काटा होता, त्याच्याकडे बघितलं. त्यावर चढले. सिस्टरने वरच्या दांडीवरची वजनं सरकवून आकडा लिहून घेतला, आणि उतरता उतरता भाऊजी म्हणाले, "सिस्टर, तुमचा काटा चारशे ग्रॅम खोटं बोलतोय."

माणसाची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि बोलणं हे. ताईने कपाळाला हात लावला.

पण त्यांचं कामच ते होतं. भाऊजी काटे दुरुस्त करत. त्यांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये राहिलेली चिंचोळी जागा. आत गेलेला माणूस वळून बाहेर येत नसे, तसाच मागे मागे येत असे. भिंतभर तराजू टांगलेले, खाली लहान-मोठ्या वजनांचे खण, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत नाजूक सोनारी काटे. दांडीची धार घासायची, पारडी समतोल करायची, झिजलेल्या वजनाच्या पोटात शिसं ओतून ते पुरं करायचं, आणि शेवटी दांडीच्या टोकाला आपली बारीक खूण ठोकायची. सरकारी शिक्का वेगळा. पण बाजारात लोक आधी भाऊजींची खूण बघायचे.

एक पारडं हलकं पडलं की त्याच्या बाजूला जे लहानसं वजन अडकवतात त्याला पासंग म्हणतात. सरळ माणूस तो काटा बरोबर करायला लावतो, लबाड माणूस काटा चुकवायला. एका दुकानदाराने भाऊजींना एकदा असा लपवलेला पासंग बसवून मागितला होता. भाऊजींनी त्याचा काटा रस्त्यावर नेऊन ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की याला काटा नको आहे, खिसेकापू हवा आहे. ताई पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगायची. आता सांगत नाही.

चारशे ग्रॅमचं बोलणं हॉस्पिटलात कोणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या खेपेला भाऊजी खिशात स्क्रूड्रायव्हर घालून गेले, काट्याचं मागचं झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत तो नीट केला. मोठ्या सिस्टर, म्हणजे त्या खोलीच्या मुख्य, आधी चिडल्या. मग त्यांनी औषधांच्या भांडारातलं पाच किलोचं सीलबंद खोकं आणून ठेवून बघितलं. काट्याने बरोबर पाच दाखवले. त्या दिवसापासून काटा भाऊजींच्या ताब्यात. त्यांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर लिहून आणलं, "काट्याला हात लावू नये. तक्रार असल्यास भाऊजींना सांगावी." मोठ्या सिस्टरनी हसत हसत तो पुठ्ठा काट्याला बांधला. मग सगळी खोलीच त्यांना भाऊजी म्हणायला लागली, अगदी डॉक्टरसुद्धा. त्या खोलीत बाकी सगळे पेशंट होते. भाऊजी पेशंट होतेच, पण थोडे कमी.

या आजारात काट्याला इतकं महत्त्व का, ते सांगायला हवं. मूत्रपिंडं बंद पडली की प्यालेलं पाणी अंगातच साठतं. डॉक्टर प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरवून देतात, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनवर जायच्या आधी काट्यावर उभं राहायचं. कोरड्या वजनापेक्षा जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीन चार तासांत ओढून काढतं. काटा म्हणेल तेवढंच.

आणि म्हणून पाणी मोजून. दिवसाला एक लीटर, त्यात चहा आला, औषधाचे घोट आले, आमटीसुद्धा आली. ताईने एक स्टीलचा ग्लास ठरवला होता, दिवसाला असे पाच. सहाव्याला ती ग्लास पालथा घालून ठेवायची. भाऊजी मला म्हणायचे, "मेहुणबाई, तुमची बहीण पाणी असं मोजते की समुद्रालाही घाम फुटेल." ताई म्हणायची, "समुद्राला फुटू दे. तुम्हाला फुटला असता तर एवढं पाणी साठलं नसतं."

पहिलं वर्ष बरं गेलं. सूज उतरली, दुकान अर्धा दिवस उघडायला लागलं. दुसऱ्या वर्षी मशीनच्या सुया टोचायला हातात तयार केलेली शीर बंद पडली. मानेत नळी घातली, तिला पू झाला, तीन आठवडे ताप. मग दुसऱ्या हाताची शीर तयार केली. ती छान चालली आणि आमचे पेढे वाटायचेच काय ते राहिले. तेवढ्यात ताईने आपलं मूत्रपिंड द्यायचं ठरवलं. तपासण्या एकामागून एक जुळत गेल्या. मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसत होते. शेवटच्या तपासणीत निघालं की ताईचंच एक मूत्रपिंड जन्मापासून खुरटलेलं आहे, एकावरच तिचं चाललंय. ती घरी आली, चप्पल काढली आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजींना म्हणाली, "बघा, इथेही मी मापात कमी भरले." भाऊजींनी तिला जवळ घेतलं असेल तर ते मी बघितलं नाही. ते बोलले एवढंच की काटा कमी दाखवतो तेव्हा दोष वजनाचाच असतो असं नाही.

मग यादीत नाव घातलं. अपघातात वगैरे गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दिलेलं मूत्रपिंड मिळायची यादी. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही. पण तिथे एक नियम होता. दर सहा महिन्यांनी डॉक्टर बसून प्रत्येकाची वजनाची वही बघत. ज्याचं वजन दोन खेपांच्या मध्ये सारखं अडीच किलोच्या वर जातं, तो पाणी पाळत नाही, आणि जो पाणी पाळत नाही तो नवं मूत्रपिंड काय सांभाळणार, म्हणून त्याचं नाव वर्षभर बाजूला. वहीत अशा वजनाभोवती मोठ्या सिस्टर लाल गोल काढत. तीन गोल झाले की संपलं.

चौथ्या वर्षीचा उन्हाळा आमचा घात करून गेला. ती तहान मी जवळून बघितली आहे. भाऊजी चूळ भरायचे आणि थुंकायचे, पण थुंकताना डोळे मिटून घ्यायचे. ओला रुमाल चोखायचे. एकदा ताई न्हाणीघरात गेली तर हे बादलीत तोंड घालून पाणी पिताहेत. पन्नाशी उलटलेला, बाजाराने ज्याचा शब्द मानावा असा माणूस. ताई ओरडली नाही. तिने बादली उचलून मोरीत ओतली आणि त्यांना उठायला हात दिला.

मार्चमध्ये एक लाल गोल. एप्रिलमध्ये दुसरा. मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजी, काट्याचे मालक तुम्ही, आणि काट्याला तोंड दाखवायची लाज तुम्हालाच." खोली हसली. भाऊजीही हसले. वहीची तपासणी मेच्या अखेरीस होती.

त्यानंतर गोल पडला नाही. वजन कधी दोन किलो वाढलेलं, कधी सव्वादोन, पण अडीचच्या आत. ताई खूश, मी खूश. पाय मात्र सुजलेले दिसायचे. मी एकदा बोलले तर म्हणाले, "चपला घट्ट आहेत, मेहुणबाई." मी गप्प बसले. बरं चाललेलं कोणाला उकरून बघायचं असतं.

त्या खोलीत दुपारच्या पाळीला एक म्हातारी यायची. तिला सगळे बटणवाल्या मावशी म्हणत. गल्लीच्या तोंडाशी बसून ती बटणं विकायची, सुटी नाही, तोलून. मूठभर शिंपल्याची, मूठभर हाडाची, ज्या शिवणकाम करणाऱ्या बाया येतील त्यांना. तिचा छोटा पितळी तराजू भाऊजींनीच नीट करून दिला होता, एक पैसा न घेता. मावशी स्वतः सदतीस किलोची. हृदय आधीच दुबळं. काट्यावर चढताना म्हणायची, "देव वर तोलतो, भाऊजी खाली." सकाळची पाळी संपवून भाऊजी निघायचे तेव्हा ती आलेली असायची, आणि दोघांची रोजची चेष्टा ठरलेली. ते म्हणायचे, मावशी, तुम्हाला तोलायला हा काटा नको, सोनारी काटा हवा. ती म्हणायची, मेल्या, मग भावही सोन्याचा दे.

मेच्या तिसऱ्या शुक्रवारी मी भाऊजींबरोबर होते, कारण शुक्रवारी दुकानात ताई बसायची. मशीनवर तीन तास झाले आणि त्यांचा रक्तदाब एकदम पडला. तोंड पांढरं, हात गार. दोन सिस्टर धावल्या, पाय वर केले, सलाईन लावलं. अर्धवट शुद्धीत ते दाराकडे बघत होते, उठायला धडपडत होते. मला वाटलं भ्रम झालाय. तसंच त्यांना स्ट्रेचरवरून वरच्या मजल्यावर नेलं. निघताना काट्यावर उभं राहायचं असतं, ते त्या दिवशी झालं नाही.

शनिवारी दुपारी त्यांना नीट बोलता यायला लागलं. ताई आणि मी, दोघीच होतो. त्यांनी सांगितलं, आणि सांगताना छताकडे बघत होते. काट्याच्या झाकणामागे, दांडीच्या टोकाला, त्यांनी नखाएवढं शिसं अडकवलं आहे. पासंग. त्याने काटा एक किलो कमी दाखवतो. सकाळी सगळ्यात आधी जाऊन ते अडकवायचे आणि आपलं शेवटचं वजन झालं की काढून खिशात घालायचे. कोणी विचारणार नव्हतं. काट्याजवळ त्यांनी काहीही केलं तरी ते दुरुस्तीच करत होते. सकाळच्या पाळीत त्यांच्यामागे वजन करणारे दोघं धट्टेकट्टे, त्यांना एका किलोने काही होणार नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"काल काढायचं राहिलं," ते म्हणाले. "काल दुपारी मावशी त्यावर उभ्या राहिल्या असतील."

ताई उठली. मग तिने मला जिन्यात नेलं. तपासणी नऊ दिवसांवर आली होती. ती म्हणाली, "तू जा, गुपचूप काढून आण. कोणाला अक्षर कळता कामा नये. कळलं तर यादीतून नाव कायमचं जाईल, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं मूत्रपिंड नाही."

शनिवारी दुपारनंतर खोलीला कुलूप, रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मी सातला जाऊन उभी राहिले. काट्यामागे वाकून झाकणाला हात घातला तोच मोठ्या सिस्टर आल्या. मी म्हटलं, भाऊजींनी जरा साफ करायला सांगितलंय. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "वाचता येतं ना? खुद्द तुमच्या भाऊजींचा हुकूम आहे. ते बरे होऊन येतील तेव्हा बघतील." मी म्हटलं, एकच मिनिट. त्या म्हणाल्या, "बाई, या काट्यावर चाळीस जणांचा जीव आहे. मी डॉक्टरांना हात लावू देत नाही." आणि त्यांनी खुर्ची ओढून अगदी काट्याशेजारी ठेवली, कारण तिथून सगळी खोली दिसते.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दहा वाजले, बारा वाजले. खुर्ची रिकामी झाली की दुसऱ्या सिस्टर तिथे बसत. एक वाजता बटणवाल्या मावशी आल्या. दोन पावलं टाकून थांबत होत्या. माझ्याशेजारी टेकल्या, भाऊजींची चौकशी केली, त्यांच्यासाठी देवाला साकडं घातलंय म्हणाल्या. बोलताना दम लागत होता. मग त्यांना हाक आली.

दारातून मला सगळं दिसत होतं. सिस्टरनी दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा मागे घेतलं, पुन्हा बघितलं. म्हणाल्या, मावशी, पाय तर चांगलेच सुजलेत, आणि वजन जेमतेम अर्धा किलो वाढलंय. मावशींचं तोंड फुललं. "दोन दिवस घशाला कोरड पाडून बसले, त्याचं चीज झालं," म्हणाल्या. सिस्टर जरा घुटमळल्या. मोठ्या सिस्टरनी लांबूनच विचारलं, काटा काय म्हणतो? अर्धा. "मग अर्धाच काढा. भाऊजींचा काटा आहे, चुकायचा नाही."

मी उठून उभी राहिले होते. एक वाक्य बोलायचं होतं. भाऊजींचं नाव न घेताही बोलता आलं असतं, काटा बिघडलाय एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण बिघडलाय म्हटलं की झाकण उघडणार, शिसं निघणार, आणि तिथे आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही हे सगळ्यांना ठाऊक. मी उभी राहिले आणि परत बसले. त्या दिवसाबद्दल मी देवाशी अजून बोललेले नाही. रोज हात जोडते, पण त्या दिवसाच्या बाजूने वळसा घालून जाते.

मंगळवारी पहाटे मावशींना श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. दुपारी बारापर्यंत त्या गेल्या. हृदय दुबळं होतंच, असं सगळे म्हणाले. कोणी काट्याकडे मान वळवूनही बघितलं नाही.

बुधवारी दुपारी भाऊजींना चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. सगळ्यांदेखत त्यांनी झाकण उघडलं, हात आत घातला, मूठ मिटून बाहेर काढली आणि झाकण लावलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आलात, आता आमचा काटा सुखी झाला. काट्याने त्या दिवशी खरं वजन दाखवलं. पण वर दोन दिवस मशीन लावून पाणी काढलेलं होतं, त्यामुळे तेही अडीचच्या आत बसलं. मावशींच्या खाटेवर नवा माणूस होता. भाऊजींनी विचारायच्या आधीच कोणीतरी सांगून टाकलं.

घरी येऊन ते म्हणाले, डॉक्टरांना सांगतो. ताई म्हणाली, सांगा, पण तपासणी होऊ द्या. तपासणी झाली. डॉक्टरांनी वही बघून पाठ थोपटली. एप्रिलनंतर एकही गोल नाही, भाऊजींसारखं सगळ्यांनी वागावं म्हणाले. भाऊजी पुन्हा म्हणाले, आता सांगतो. ताई म्हणाली, बोलावणं आलं की एकदाचं ऑपरेशन होऊ द्या, मग काय ते सांगा. "गेलेली परत येणार आहे का? आणि तुम्ही जाऊन तिला काय मिळणार आहे?" माझ्याकडे वळून म्हणाली, तू सांग यांना. मी काही सांगितलं नाही. गप्प राहणं मला एव्हाना चांगलं जमायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये बोलावणं आलं. ऑपरेशन झालं. नवं मूत्रपिंड पहिल्याच दिवसापासून चाललं, डॉक्टरही चकित झाले. आता भाऊजींना उलटी सक्ती. दिवसाला तीन लीटर पाणी प्यायलाच हवं, नाहीतर नव्या मूत्रपिंडाला धोका. ज्या पाण्यासाठी माणूस बादलीत तोंड घालत होता, ते पाणी समोर भरून ठेवलेलं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरेना. ताई तोच स्टीलचा ग्लास घेऊन मागे मागे. आधी पिऊ नका म्हणून भांडायची, आता प्या म्हणून भांडते. मी एकदा चेष्टेने म्हटलं, भाऊजी, समुद्राला आता थंडी वाजत असेल. ते हसले नाहीत. म्हणाले, "मेहुणबाई, पाण्याला चव असते हे मला तहानेत कळलं होतं. ती गेली."

दुकान पुन्हा उघडलं. पण काट्यावर खूण मारायचं त्यांनी सोडलं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचे, हात कापतो. हात कापत नव्हता, मी बघितलंय.

मागच्या महिन्यात बटणवाल्या मावशींचा भाचा दुकानात आला. ताई गल्ल्याशी होती, मी दाराशी स्टुलावर. त्याने पिशवीतून तो छोटा पितळी तराजू काढला. मावशींचं सामान आवरतोय, हा विकायचा आहे, तेवढा तपासून तुमची खूण मारून द्या म्हणाला, म्हणजे घेणारा घासाघीस करणार नाही. भाऊजींनी काटा टांगला, पारडी पुसली, वजनं घालून बघितली. बराच वेळ बघत होते. काटा मधोमध उभा होता, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

भाचा आपला सहज बोलत होता. "मावशी म्हणायची, आयुष्यात दोनच काटे खरे भेटले. एक हा, आणि एक हॉस्पिटलातला."

भाऊजींनी वजन खाली ठेवलं. "बस जरा," ते म्हणाले. "मला तुझ्या मावशीबद्दल सांगायचं आहे."

तो शेजारच्या खोक्यावर बसला. ताई उठली. माठातून तिने ग्लास काठोकाठ भरला आणि भाऊजींच्या पुढ्यात, त्या पितळी पारड्याशेजारी ठेवला.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली. "सकाळपासून दीड लीटरही झालेलं नाही."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीवरचे तराजू बघत होते. त्यांनी ग्लास उचलला. त्यांना एक ग्लास संपवायला वेळ लागतो, घोट तोंडात धरून ठेवतात आणि मग गिळतात. भाच्याने दोनदा घड्याळ बघितलं. त्याला कामावर जायचं होतं. ग्लास रिकामा झाला तेव्हा तो उठून उभाच होता. म्हणाला, काका, काय सांगत होता?

"काटा बरोबर आहे," भाऊजी म्हणाले.

"आणि खूण?"

"माझी खूण नको त्यावर. तशीच चांगली किंमत येईल."

त्याने तराजू पिशवीत घातला, तिघांना नमस्कार केला आणि त्या चिंचोळ्या दुकानातून मागे मागे बाहेर गेला. ताईने ग्लास पुन्हा भरला.